कंधारची कडी, लातूरचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी लातूरला फोन. रीतीप्रमाणं एकेकाची खुशाली. लेकीचा, सुनंदाचा गुडघा? जिना चढताना कुरकुरतो, बाकी बरा. जावईबापूंची ॲसिडिटी? गोळी चालू. विहीणबाईंचा डोळा? ऑपरेशन झक्कास झालं, आता पेपरातला बारीक टाइपसुद्धा वाचतात आणि अख्ख्या घराला मोठ्यानं ऐकवतात. सगळ्यांचं झाल्यावर, जसं काही आत्ताच आठवलं तसं विचारलं, "आणि तुझी आई?"

"आई तशीच, बाबा."

सुनीनं व्हिडिओ कॉल लावला. कमलनं पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडं वळली. दर वेळी हेच. तोंड वाकडं झालंय, ते मला दाखवायचं नाही तिला. गणपतीत झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात समजतं सगळं, शब्द बाहेर यायची वाट तेवढी मोडली. मानेचाही भरवसा नाही. हो म्हणायचं तिथं आडवी हलते, नको म्हणायचं तिथं उभी, कधी दोन्ही. मग जो तो आपल्याला पाहिजे ते उत्तर तिच्या मानेतून काढून घेतो.

सुनी म्हणाली, "आई आता इकडंच राहील बाबा. व्यायाम शिकवणारी बाई घरी येते, संडास घरात हाय. कंधारला काय हाय?"

कंधारला मी हाय. पण हे लेकीला कसं म्हणावं.

"तिला विचारलं का?"

"विचारलं की. मान हलवली."

५ नोव्हेंबर, बुध

व्यायामवाल्या बाईनं सुनीला सांगितलं, चित्रं दाखवा, बोट ठेवायला लावा. सुनीनं पुठ्ठ्यावर कप, तांब्या, गोळ्या चिकटवल्या. कमल डाव्या हातानं बोट ठेवते म्हणे. चांगलं आहे. पण बोट ठेवलेलं लातूरला दिसतं. मला कसं दिसावं? व्हिडिओवर ती येत नाही.

फोनमध्ये शोधता शोधता एक व्हिडिओ सापडला. साबणाच्या वडीएवढा बोर्ड, त्यावर अख्खा काँप्युटर. त्याला बटणं जोडली की एका गावात दाबलेलं दुसऱ्या गावात वाजतं. माणूस फाडफाड बोलत होता, चार वेळा थांबवून पाहिलं. वायर, स्पीकर, बटण हे तर आपलंच काम. अख्खी हयात लग्नामुंजीत कर्णे बांधण्यात गेली. डीजे आले आणि आमचे कर्णे माळ्यावर जाऊन पडले, तरी हात काही विसरला नाही. मधलं ते काँप्युटरचं तेवढं शिकायचं.

तोंड न दाखवता बोलता आलं तर बोलेल ती.

७ नोव्हेंबर, शुक्र

नांदेडला जाऊन आलो. रफिकभाईचं दुकान. ॲम्प्लिफायरचे पार्ट त्याच्या वडिलांपासून आणतो.

"काय काका, या वयात डीजे काढता का?"

"काकूसाठी आवाज काढायचाय."

हसता हसता थांबला. सगळं ऐकून घेतलं. दोन बोर्ड दिले, एक इथला, एक लातूरचा. त्यांची कार्डं, त्यात सिस्टीम त्यानंच भरून दिली. अडॅप्टर, आवाजाची छोटी डबी, वायरी. म्हणाला, "मोबाइलच्या चार्जरवर चालवू नका काका. पोट भरत न्हाई त्याचं." चहा पाजला. बसमध्ये पिशवी मांडीवरच ठेवली. शेजारचा हदगावचा कापसाचा व्यापारी विचारत होता, काय हाय एवढं जपून? म्हटलं, अंडी.

८ नोव्हेंबर, शनि

पाट मांडला. दोन्ही बोर्डांना हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्ती. आजवर एकही मशीन पूजेशिवाय चालू केलेलं नाही आणि एकाही ॲम्प्लिफायरनं तक्रार केली नाही.

यानं केली. एक बोर्ड चालू होईना. अडॅप्टर बदलला, कार्ड बदललं, कार्ड नीट बसतच नव्हतं. दुपार त्यातच गेली. शेवटी भिंग घेऊन पाहिलं तर कार्डाच्या खाचेत कुंकवातला तांदूळ. कमलच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि श्वास धरून काढला. मग चालू झाला. तांबडा दिवा, शेजारी हिरवा, डोळे मिचकावल्यासारखा.

देवाला मनात सांगितलं, पुढच्या वेळी लांबूनच हात जोडीन.

११ नोव्हेंबर, मंगळ

आपल्या जुन्या टीव्हीला त्याची वायर बसत नाही. शेजारी कौसल्यावहिनींकडं पातळ टीव्ही. कीबोर्ड काखेत मारून गेलो. त्यांची सिरियल चालू होती.

"भाऊ, तिची सासू आत्ता जिन्यावरून पडणार हाय. तेवढं होऊ द्या."

सासू जाहिरातीनंतर पडली. मग आमचा नंबर. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळीच्या ओळी पळाल्या आणि चित्र आलं. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, खरंच लागलं की!" मला वाटलं, हे ऐकायला कमल पाहिजे होती. ती म्हणाली असती, लागलं ते लागलं, आता जेवायला उठा.

व्हिडिओ पाहून ओळी टाइप करून राहिलो. एका बोटानं. एक ओळ चुकली की सगळं नाराज होतं आणि कुठं चुकलं ते इंग्रजीत सांगतं. वहिनींनी पोहे आणून दिले. घरी आलो तर घर... असो.

१६ नोव्हेंबर, रवि

बटणं बेलची घेतली, मोठी, डाव्या हाताला सापडतील अशी. प्रत्येकावर चित्र मीच काढलं. चहाचा कप. तांब्या. गोळ्यांचं पाकीट. पंखा. पाठ दुखते त्याचं चित्र काही जमेना. शेवटी एक वाकलेली बाई काढली, हात कमरेवर. शेवटच्या बटणावर माझा फोटो, निवडणुकीच्या कार्डावरचा. त्यात मी फरार आसामीसारखा दिसतो, पण दुसरा सापडला नाही.

आवाज माझाच भरला. "चहा." "पाणी." "औषध." "पंखा." "पाठ." फोटोवर "दिगंबर", म्हणजे मला हाक. हॅलो हॅलो म्हणायची सवय जाता जात नाही, पहिल्या वेळी "हॅलो चहा" भरलं गेलं.

सगळं हिच्या फराळाच्या स्टीलच्या डब्यात बसवलं. छान दिसत होतं. झाकण लावलं आणि वायफाय बंद. झाकण काढलं, चालू. लावलं, बंद. लोखंडाच्या आतून ते बाहेर येत नाही. जुन्या स्पीकरची प्लायवूडची पेटी कापली, त्यात बसवलं. नाव मात्र डबाच राहिलं.

२० नोव्हेंबर, गुरु

लातूर. सकाळच्या बसनं. जावईबापूंनी वायफायचा पासवर्ड दिला, स्टूल आणलं, खाटेच्या डाव्या बाजूला डबा ठेवला. विहीणबाई म्हणाल्या, "व्याहीबुवा, इतके दिवस मीच तेवढी बोलत होते. आता आमच्या घरात पेटीपण बोलणार."

कमल माझ्याकडं बघेना. पदर. मी पण तिच्याकडं न बघता डब्याशीच बोललो. "हा कप. हा तांब्या. दाबलं की इथं वाजल, तिकडं आपल्या घरातबी वाजल." डावा हात हळूच पुढं आला. तांब्या. "पाणी", माझा आवाज. सुनी ओरडली, "दाबलं! आईनं दाबलं!" पाणी दिलं. प्यायली. फोटोवरून बोट फिरवलं, पण दाबलं नाही.

सुनी राहा म्हणाली. लेकीच्या घरी आपल्यात कुणी मुक्काम ठोकत नाही. जेवलो आणि निघालो. दारातून वळून पाहिलं, पदर थोडा सरकला होता. मला पाहून परत ओढला.

२४ नोव्हेंबर, सोम

इथला बोर्ड देव्हाऱ्याशेजारी फळीवर. वाजतो. "पाणी." "पंखा." माझाच आवाज, पण तिनं बोट ठेवलेलं. पाणी वाजलं की मीही एक घोट घेतो.

माझं बटण मात्र एकदाही नाही.

सुनीला विचारलं. म्हणाली, "त्याला हातच लावत न्हाई बाबा. मी तिचं बोट धरून न्यायला गेले तर हात झटकून टाकला."

नाराज आहे का? मी तिला लातूरला ठेवून आलो असं वाटत असेल? दिवसभर हेच डोक्यात. जेवण केलं नाही, वरणाचं पातेलं तसंच.

२५ नोव्हेंबर, मंगळ

कौसल्यावहिनींनी विचारलं, चेहरा का असा? सांगितलं. आधी त्यांना समजेना, मग हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्याला पदर लावला.

"अवो भाऊ, तिनं उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं का कधी?"

"लग्नात उखाणा घेतला होता."

"तो सोडून! आता म्हातारपणी, व्याह्याच्या घरात, विहिणीसमोर, बटण दाबून नवऱ्याचं नाव घ्यायचं? तुमची अक्कल कुठं गेली होती?"

खरंच कुठं गेली होती. चुकलं माझं, ती रागावली नाही. वरण गरम करून जेवलो.

मग म्हटलं, वहिनी, तुम्ही 'अहो' म्हणा, मी भरून घेतो. बाईच्या आवाजात बरं वाटेल.

"इश्श! मी तुम्हाला अहो म्हणू? गल्लीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

२८ नोव्हेंबर, शुक्र

सुनीला म्हटलं, तू म्हण, फोनवर भरून पाठव. ती म्हणे, "मी बापाला अहो कशी म्हणू? हसू येतं." मग डोळे मिटून, आपल्या नवऱ्याला मारते तशी हाक मारली, "अहो!" तर आतल्या खोलीतून जावईबापूंचा आवाज, "आलो, आलो!" आणि मागून विहीणबाई, "मला कधी अशी हाक दिली न्हाई गं कुणी." तेही सगळं भरलं गेलं. परत परत ऐकलं.

पण हे चालणार नाही. तिनं दाबलं की जावई उठून यायचा.

३० नोव्हेंबर, रवि

सकाळी चूल... म्हणजे गॅस पेटवताना आठवलं. ती मला हाक मारायची कशी? नवी होती तेव्हा आमचे वडील ओसरीवर बसलेले असायचे. तोंडानं बोलायची सोय नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजवायची. मी उठून जायचो. वडील गेले, ओसरी रिकामी झाली, तरी कडीच. झटका यायच्या आदल्या दिवशीसुद्धा.

माईक काढला, खोका झटकला. कडी वाजवली. पोलीस आल्यासारखी वाजली. परत. आता भांडं पडल्यासारखी. तिची तशी नव्हती. खण्, मग जरा थांबून, खण्. आणि त्यात बांगड्या. बांगड्यांशिवाय ती कडी अर्धीच.

वहिनींना बोलावलं. कडी वाजवायला त्यांची काही हरकत नव्हती. "यात काय, कडीच तर हाय." तिसऱ्या वेळी बरोबर आली. मी माईक धरून उभा होतो, भरलं गेलं.

जावईबापूंना पाठवलं. कार्डावर कसं टाकायचं ते फोनवर सांगितलं. त्यांनी निमूट केलं. माझ्या फोटोवर आता कडी.

३ डिसेंबर, बुध

भाजी चिरत होतो. कडी वाजली. उठलो, विळी बाजूला सारली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. दारात कुणी नाही. कडी लोंबकळून स्थिर. मग ध्यानात आलं, फळीवरचा बोर्ड वाजला होता.



फोन लावला. सुनीनं कमलच्या कानाला लावून दिला. मी म्हटलं, "ऐकलं बरं का." पलीकडं श्वास. मग फोन बाजूला सारल्याचा आवाज.

८ डिसेंबर, सोम

सुनी काळजीत. "आई आता वाटेल ते दाबून राहिली. आधी तुमची कडी, मग चहा. चहा करून द्यावा तर कप सारून देते. सकाळी कडी आणि औषध. तिचं औषध रात्रीचं हाय, सकाळी कशाला? ह्यांनी डॉक्टरला फोन केला. ते म्हणाले, समजही कमी होत आली असंल."

"मग?"

"मग काही न्हाई. पण बाबा, डबा काढून ठेवावा म्हणते मी. तिला उगंच त्रास. आणि सासूबाईंची दुपारची झोप मोडते. तिला कळतच नसंल तर विचारायचं तरी काय? आपणच बघू तिचं."

तिचा स्वर वाईट नव्हता. थकलेला होता. मी चार दिवस थांब म्हटलं. फोन ठेवला. कळत नाही असं एकदा ठरलं की तिला कुणी काही विचारणार नाही, कधीच.

१० डिसेंबर, बुध

हे आजच लिहिलं पाहिजे.

दुपारी डुलकी लागली होती. उठून नुसताच बसलो. चहा करायचा कंटाळा, एकट्यापुरतं भांडं विसळायचं. कडी वाजली. मग "चहा." आणि रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हणालो, "न्हाई घेतला अजून."

म्हणालो आणि ऐकलं काय म्हणालो ते.

चुकीचं दाबत नाही ती. कडी म्हणजे अहो. अहो, चहा. अहो, चहा घेतला का? रोज याच वेळी विचारायची. सकाळी कडी आणि औषध, ती माझी बीपीची गोळी, नाष्ट्यानंतरची. मी विसरतो, ती कधी विसरली नाही. कालही विसरलो होतो.

मी सगळी बटणं केली तिला काय पाहिजे त्याची. आणि ती बाई त्याच बटणांवरून माझी खुशाली विचारून राहिली, रोज, आणि मी इथं गप्प.

सुनीला फोन केला. "बाबा, तुमच्या मनाचं हाय हे. तुम्हाला एकटं वाटतं म्हणून..."

खात्री पटवून द्यावी लागेल. तिनं विचारलेल्याला उत्तर गेलं पाहिजे.

१४ डिसेंबर, रवि

इथल्या बोर्डाला बटणं जोडली. "घेतला." "घेतली." "हो." "न्हाई." आता उलट्या वाटेनं, मी दाबलं की लातूरला वाजेल. टाइप करताना दोनदा सगळं अडलं. रफिकभाईला फोन केला, त्यानं दुकानात गिऱ्हाईक बसवून ठेवून मला ओळ ओळ वाचून दाखवायला लावली. "काका, ही वरची ओळ उडवा. आता बघा." लागलं.

सुनीला म्हटलं, आज चहाच्या वेळी आईजवळ बस, काही बोलू नको, नुसतं बघ.

कडी. चहा.

"घेतला."

काहीच वाजेना. मला वाटलं, गेलं वायफाय. मग कडी, औषध. "घेतली." कडी, पाठ. पाठीचं काय उत्तर द्यावं, थोडी दुखते याचं बटण नाही. "हो" दाबलं. मग परत कडी, पंखा. थंडीचे दिवस, पंखा कशाला? मग समजलं, मी थंडीतही पंखा लावून झोपतो म्हणून भांडायची. "न्हाई" दाबलं. खोटं नाही, आता लावत नाही. आवाज करणारं कुणी नसलं की पंख्याचा आवाज फार मोठा होतो.

सुनीचा फोन आला. बराच वेळ नुसती नाक ओढत होती. मग, "बाबा, आई हसली. पदर न घेता."

डबा राहणार.

१९ डिसेंबर, शुक्र. येळवस

वेळ अमावास्येला लातूरचं सगळं गाव शेतात. सुनी, जावईबापू आंबील-भज्जी घेऊन त्यांच्या शेताला. कमलजवळ विहीणबाई थांबल्या. सकाळपासून कडीवर कडी. चहा, औषध, पाणी, पंखा, परत चहा. मी पण बसल्या जागेवरून हलत नव्हतो.

दुपारी विहीणबाईंचा फोन. "व्याहीबुवा, मी न्हाई हो दाबत, तीच. मला जेवणाला वाढू देईना. एवढं काय बोलता दोघं?"

"काही न्हाई. चहापाणी."

"हं. आमचे हे होते तवा आम्हीबी चहापाणीच बोलायचो." मग म्हणाल्या, "तुम्ही येळवशीला यायचं होतं. आंबील लई झालीय."

वहिनींनी भज्जी दिली. चांगली होती. एकट्यानं येळवस... नको ते.

२३ डिसेंबर, मंगळ

आता तिला विचारता येतं. म्हणजे विचारलं पाहिजे. कंधार का लातूर.

दोन चित्रं काढायला घेतली. एक आपलं दार, कडीसकट. एक सुनीचं घर, जिना, गॅलरी. आपल्या दाराला रंग जास्तच चांगला लागला, तर ते फाडलं आणि परत काढलं, दोन्ही सारखी. लबाडी नको. तिकडं व्यायामवाली बाई आहे, घरात संडास, लेक उशापायथ्याशी. इकडं संडासला मागच्या दारानं दोन पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि मी. वरण नीट होत नाही माझ्याच्यानं.

तिनं लातूर दाबलं तर? तर दाबलं. मग मात्र कुणी म्हणायला नको, मान हलवली म्हणून.

आवाज भरताना "कंधार" दोनदा भरावं लागलं. पहिल्यांदा फार आर्जवानं आलं.

२६ डिसेंबर, शुक्र

लातूर. दोन बटणं वाढवली. जावईबापू शेजारी उभे राहून पकड देत होते, तार देत होते. कमल बघत होती, माझ्याकडं, सरळ. तोंड डावीकडं ओढलंय. एवढंच. त्यासाठी इतके दिवस पदर.

म्हटलं, "हे आपलं दार. हे सुनीचं घर. तुला जिथं राहायचं ते दाब. घाई न्हाई. कुणाला विचारू नको, मलाबी न्हाई. ज्या दिवशी मनात येईल त्या दिवशी."

सुनी म्हणाली, "बाबा, आणि आईनं कंधार दाबलं तर तुम्ही एकटे करणार का सगळं?" म्हटलं, दाबू तर दे.

कमलनं दोन्ही चित्रांवर हात ठेवून पाहिलं. दाबलं नाही.

जावईबापू स्टँडवर सोडायला आले. "मुक्काम करा की एक रोज."

"गाडी हाय."

"गाडी रोजच असती, बाबा."

३० डिसेंबर, मंगळ

चहा येतो, औषध येतं, पाठ येते. घराचं काही नाही. सुनी सांगते, आई आपल्या दाराच्या चित्रावर हात ठेवून बसते, बराच वेळ, दाबत नाही. मी विचारायला नको होतं का? एवढं जड विचारायला नको होतं.

कर्णे उन्हात काढले, पुसले, परत ठेवले. कोण नेणार आहे.

२ जानेवारी, शुक्र

सकाळी. नाष्टा झाला, गोळी घेतली. कडी वाजली. मी "घेतली"वर बोट नेलं.

"लातूर."

बसलो. बरं. ठरलं म्हणायचं. तिचं तिनं ठरवलं, कुणी मान हलवून घेतली नाही, हेच तर पाहिजे होतं. "हो" दाबावं म्हणून बोट उचललं, तेवढ्यात परत कडी. "लातूर." "चहा."

परत कडी. "लातूर." "औषध."

कडी. "लातूर." "पाठ." मग काही नाही. पाठीनंतर थांबली.

कडी वाजवून ती कधी स्वतःचं बोलत नाही, हे आता मला पक्कं माहीत आहे. कडी वाजली की ते माझ्याविषयी असतं. चहा लातूरला. गोळी लातूरला. दुखरी पाठ लातूरला. तिनं आपलं काही सांगितलंच नाही. तिनं मला विचारलं.

सगळ्यांना सांगत होतो, तिला विचारा, तिला विचारा. मला कुणी विचारेल असं मनात आलं नव्हतं.

आमच्या वडिलांनी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी जेवतो तरी. पण मुक्काम, कायमचा? कुलूप लावून? देव्हारा, कर्णे, ही कडी? वहिनींना सांगितलं, त्या भांडी घासत होत्या, हात थांबला. "मग?" म्हणाल्या. मी म्हटलं, बघू. त्या पातेलं परत घासायला लागल्या. आधीच लखलखीत होतं ते.

फळीवर "हो" आणि "न्हाई" शेजारी शेजारी. दोन्हीवर बोट ठेवून पाहिलं. दोन्ही दाबली नाहीत. हिला खोटं उत्तर द्यायचं नाही, आणि खरं अजून माझ्याकडं नाही.

एक बटण जास्तीचं होतं, ते जोडलं. माईक लावला. या वेळी हॅलो म्हणालो नाही. भरलं ते असं, आणि पाठवलं:

"कमल, ऐकलं. सगळं समजलं. उत्तर देतो, जरा दम धर. तवर तू थांबू नको. चहा इचार, गोळी इचार, रागवायचं असंल तर पंखा दाब. मी हितंच बसून हाय. लवकर वाजव."